बैठा व्यायाम

दिवसभर खुर्चीला चिकटून असतो, म्हणून डॉक्टरांनी "जरा हालचाल ठेवा" असं बजावलं आणि मी जिम लावली. पहिल्याच दिवशी ट्रेनर म्हणाला, "सर, इथे बसा."

तेव्हापासून बसतोच आहे. मांडीच्या मशीनवर बसतो, खांद्याच्या मशीनवर बसतो, पाठीच्या मशीनवर छाती टेकवून बसतो. प्रत्येकावर कातडी सोललेल्या माणसाचं चित्र आणि त्यात एकच स्नायू लाल रंगवलेला. आज कामावर फक्त त्याने यायचं, बाकीच्यांना सुट्टी. माझं पोट ही सुट्टी फारच मनावर घेतं.

या बैठकीचा मूळ पुरुष स्टॉकहोमचा डॉक्टर गुस्ताव झांडर. १८६५ मध्ये त्याने तरफा आणि वजनं जोडलेल्या यंत्रांची संस्थाच काढली. जुन्या फोटोंत कोट-टाय घातलेले गृहस्थ त्या यंत्रांत बसलेत. चेहऱ्यावर भाव दाढी करून घेतानाचा. काही यंत्रं तर वाफेवर चालत. आपण अंग सैल सोडायचं, हलवायचं काम यंत्राचं! हे सुख कोणी आणि का बंद केलं? १९१२ मध्ये टायटॅनिकच्या जिममध्ये बसणाऱ्याला हेलकावे देणारा विजेचा उंटसुद्धा होता. आमच्या वाट्याला मात्र ट्रेडमिल. तिची आजी म्हणजे १८१८ मध्ये इंग्लंडात कैद्यांसाठी बनवलेलं पायचक्र. त्यांच्यासमोर निदान भिंतभर आरसा तरी नव्हता.

१९७० मध्ये आर्थर जोन्सने नॉटिलस मशीन बाजारात आणलं. त्यातल्या शंखाकृती चकतीमुळे स्नायूचा जोर जिथे कमी पडतो तिथे वजनही हलकं होतं. इतकं समजूतदार वजन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तरी उठताना मी वजनाची पिन गुपचूप दोन भोकं खाली, म्हणजे जास्त वजनावर, सरकवून ठेवतो. परवा मागून आलेल्या आजोबांनी ती आणखी तीन भोकं खाली घातली. तीही गप्पा मारता मारता.

गेल्या रविवारी कपाटावरची बॅग काढायची होती. टाचा उंचावल्या, कंबर वळवली, हात लांबवला. बॅगेला काही चकती नव्हती. ती तिरकी आली, सगळी एकदम आली, आणि माझ्या कमरेत उसण भरली.

"साठ किलो ढकलतोस ना रे?" बायकोने विचारलं.

"ढकलतो. बसून."

आठवड्याने लंगडत जिममध्ये गेलो. ट्रेनरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कमरेचं मशीन त्या कोपऱ्यात आहे, सर. बसा."