आवळलेला ब्रिज आणि सुटलेले स्क्रू

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला आणि चारही वेळा मी तो वाचून सोडून दिला. पाचव्यांदा मात्र तो माझ्या भाच्याच्या गिटारीवर उतरलेला दिसला. पुण्याहून सुट्टीला आलेला हा मुलगा गिटार मांडीवर ठेवून म्हणाला, "मामा, बार दाबला की कर्रकन आवाज येतो आणि नंतर एकही तार सुरात राहत नाही. पण मी सगळं मेसेजमध्ये सांगितलंय तसंच केलंय." त्याने खरोखरच सगळे तसेच केले होते, आणि दुखणे नेमके तेच होते.

तो मजकूर थोडक्यात असा आहे. इलेक्ट्रिक गिटारीला ट्रेमोलो (म्हणजे तारा धरणारी ब्रिज नावाची पट्टी बारने, एका दांड्याने, कलवून सूर हलवण्याची सोय) असेल, तर घरी आणल्याबरोबर मागचे झाकण काढावे, पाचही स्प्रिंगा लावाव्यात, क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या छोट्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू फिरेनासे होईपर्यंत आवळावेत आणि ब्रिजच्या पुढच्या कडेचे सहा स्क्रू घट्ट बसवावेत, कारण तरंगता, म्हणजे मागून अंगापासून उचललेला, ब्रिज कधीच सुरात राहत नाही. सगळे मोठे वादक असेच करतात, याने आवाज दुप्पट घुमतो, आपल्याकडच्या दमट हवेत तर तरंगता ब्रिज चालतच नाही, आणि ही कृती कोणत्याही ट्रेमोलोला लागू आहे. खाली हात जोडल्याची दोन चित्रे आणि "सर्व गिटारप्रेमींपर्यंत पोहोचवा" अशी विनंती.

यातल्या सर्वांत घातक सूचनेपासून सुरुवात करतो, ती म्हणजे पुढचे सहा स्क्रू घट्ट बसवण्याची. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारीच्या पद्धतीच्या जुन्या घाटाच्या ब्रिजची पट्टी गिटारीच्या अंगाला जखडलेली नसते. तिच्या पुढच्या कडेला सहा भोके असतात, त्यांतून सहा स्क्रू लाकडात उभे असतात आणि बार दाबला की पट्टी त्या स्क्रूंच्या आधाराने दारासारखी कलते. बिजागरीचा खिळा दाराला ठोकून टाकला तर दार उघडणार नाही, आणि जोर लावून उघडलेच तर खिळा चौकटीतून उपटून येईल. इथे हुबेहूब तेच घडते. स्क्रूंची डोकी पट्टीवर दाबून बसलेली असताना बार खाली ढकलला की पट्टीची मागची बाजू वर उचलली जाते आणि पुढची कड तरफेसारखी त्या सहा स्क्रूंना लाकडातून वर खेचते. स्वस्त गिटारींचे अंग बहुधा बासवुडसारख्या मऊ लाकडाचे असते. ते हा ताण फार दिवस सोसत नाही. भाच्याच्या गिटारीचे मधले दोन स्क्रू मी नुसत्या बोटांनी फिरवून बाहेर काढले, आणि त्यांच्या आट्यांमध्ये पिवळसर भुसा भरलेला होता. कर्रकन येणारा आवाज लाकडाचा होता.

या बाबतीत माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही, कारण हा ब्रिज बनवणाऱ्या फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टरच्या जुळणीची स्वतःची मार्गदर्शिका सर्वांसाठी खुली ठेवलेली आहे. तीत सहा स्क्रूंच्या ब्रिजसाठी सांगितलेली रीत अशी: बारच्या साहाय्याने पट्टी मागे ओढून अंगाला टेकवावी, सहाही स्क्रू इतके सैल करावेत की त्यांची डोकी पट्टीच्या सुमारे १.६ मिलिमीटर वर राहतील, आणि मग फक्त कडेचे दोन स्क्रू पुन्हा खाली, डोके पट्टीला जेमतेम लागेपर्यंत आणावेत. ब्रिज त्या दोनांवर कलतो. मधले चार त्याला जागेवरून सरकू न देण्यापुरते उभे असतात. म्हणजे जिथे कंपनी चार स्क्रू मुद्दाम मोकळे ठेवायला सांगते, तिथे हा मजकूर सहाही आवळायला सांगतो. लिहिणाऱ्याने स्क्रू पाहिला की तो आवळायचाच असतो, एवढ्याच ज्ञानावर हे लिहिले असावे.

दुसरी सूचना क्लॉची. मागचे झाकण उघडले की मानेच्या बाजूला एक छोटी धातूची पट्टी दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेली दिसते. तिच्या आकड्यांत स्प्रिंगांची एक टोके अडकवलेली असतात आणि दुसरी टोके ब्रिजखाली लोंबणाऱ्या जड ठोकळ्यात. वरून तारा ब्रिजला मानेकडे ओढतात, खालून स्प्रिंगा ठोकळ्याला मानेकडे ओढतात, आणि मधे पट्टीची कड ही तराजूची दांडी. ०१० ते ०४६ मापाच्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) तारा नेहमीच्या सुरात लावल्या की सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४६ किलो भरतो. ०९ ते ०४२ मापाच्या तारांचा सुमारे ३८ किलो. तारांचे माप बदलले की तराजूचे एक पारडे सात-आठ किलोंनी जड किंवा हलके होते, आणि ब्रिज मागून उचलला जातो किंवा खाली बसतो. "कालपर्यंत ठीक होती, नव्या तारा लावल्या आणि बिघडली" ही तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते, आणि तिचा उपाय म्हणजे क्लॉचे स्क्रू अर्धा-एक फेरा फिरवणे, पुन्हा सूर लावणे, पुन्हा पाहणे. एक तार चढवली की ब्रिज जरासा कलतो आणि बाकीच्या पाच उतरतात, म्हणून हे चार-पाच वेळा करावे लागते. तानपुरा लावायलाही वेळ लागतो म्हणून कोणी त्याची घोडी खिळ्यांनी ठोकत नाही.

ब्रिज अंगाला टेकवूनच वाजवायचा असेल, तर त्यालाही त्याच मार्गदर्शिकेत जागा आहे, आणि इथे मला मजकुराला अर्धे गुण द्यावे लागतात. तारांच्या ताणाइतकी ओढ स्प्रिंगांना द्यावी आणि तार बाजूला ओढून वाजवताना पट्टी उचलली जाऊ नये म्हणून क्लॉच्या प्रत्येक स्क्रूला आणखी अर्धा फेरा द्यावा, असे तीत म्हटले आहे. अर्धा फेरा. त्याच्याच पुढे स्प्रिंगा जास्त आवळू नका, बार वापरताना त्यावर नाहक ताण येतो, अशी स्पष्ट ताकीद आहे. पाच स्प्रिंगा आणि फिरेनासा होईपर्यंत आवळलेला क्लॉ म्हणजे बार हलवायला कोपरापासून जोर लावावा लागतो; मग एक दिवस बार त्याच्या आट्यांपाशी तुटतो आणि तुटलेला तुकडा ठोकळ्यात रुतून बसतो. भाच्याचा बार अजून तुटला नव्हता, पण तो वाकलेला मात्र होता.

आता "तरंगता ब्रिज कधीच सुरात राहत नाही" या मुख्य दाव्याकडे येतो. तरंगता ब्रिज म्हणजे काय तर पट्टीची मागची कड अंगापासून थोडी उचललेली ठेवणे, म्हणजे बार खाली दाबून सूर उतरवता येतो तसा वर ओढून चढवताही येतो. फेंडरने हे अंतर एक अष्टमांश इंच, म्हणजे ३.२ मिलिमीटर दिले आहे. ते मोजायला वेगळे साधन लागत नाही. त्याच मापाच्या ड्रिलच्या पात्याचा दांडा पट्टीखाली सरकवून पाहिला की काम होते. कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर यांच्या स्ट्रॅटोकास्टरवर हा ट्रेमोलो १९५४ पासून आहे आणि त्याचे पेटंट १९५६ साली मंजूर झाले. सात दशके लोक तो वाजवत आहेत. (जाता जाता: ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोराचा कंप, सुराचा कंप तो व्हायब्रॅटो. हे नाव फेंडर यांनीच उलटे ठेवले आणि जगाने ते तसेच चालवले, तेव्हा त्याचा दोष मजकूर लिहिणाऱ्याला देत नाही.)

सूर हलतो तो बहुतेक वेळा ब्रिजपाशी नव्हे, मानेच्या दुसऱ्या टोकाला, खुंट्यांआधी तारा जिच्यावरून जातात त्या नट नावाच्या पट्टीच्या खाचेत. बार दाबला की तार ढिली होऊन खाचेतून खुंट्यांकडे थोडी सरकते, आणि बार सोडल्यावर ती तेवढीच परत यायला हवी. खाच अरुंद किंवा खरखरीत असेल तर तार तिथेच अडकते आणि सूर चढलेला राहतो. याची परीक्षा साधी आहे. बार दाबून सोडल्यावर तार चढलेली लागली, आणि तीच तार बोटाने ओढून सोडल्यावर पुन्हा सुरात आली किंवा उतरली, तर दोष नटचा आहे. सूर लावताना तिसरी तार "टिंग" असा आवाज करून एकदम उडी मारत असेल तर परीक्षेचीही गरज नाही. खाचेत मऊ पेन्सिलीचे टोक चारदा फिरवून ग्रॅफाइटची पूड बसवली की निम्म्या गिटारी तिथेच सुधारतात. उरलेल्यांपैकी कितीतरी ठिकाणी नव्या तारा ताणून बसवलेल्या नसतात किंवा खुंटीवर तारेचे सात-आठ सैल वेढे असतात. ब्रिज टेकवला तरी हे दोष जागच्या जागीच राहतात, फक्त बार वापरणे बंद झाल्याने ते कमी जाणवतात.

तरंगत्या ब्रिजचे स्वतःचे खरे उणेपणही आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. एक तार ओढली की बाकीच्या किंचित उतरतात, त्यामुळे एक तार स्थिर ठेवून दुसरी ओढण्याची चाल बेसूर ऐकू येते. तळहात ब्रिजवर जोरात टेकवला तर सूर चढतो. आणि कार्यक्रमात एक तार तुटली की पारडे एकदम हलके होऊन उरलेल्या पाचही चढतात, मग ते गाणे संपेपर्यंत देवाचे नाव घ्यायचे. ज्याला हे नको असेल त्याने ब्रिज जरूर टेकवावा.

"सगळे मोठे वादक असेच करतात" हे मात्र खोटे आहे. एरिक क्लॅप्टन यांनी ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा बसवून ट्रेमोलो बंद केला होता, हे प्रसिद्धच आहे. पण त्यांनी लाकूड घातले ते पोकळीत, ठोकळा आणि मागची भिंत यांच्यामध्ये. त्यासाठी पुढचे स्क्रू पिळायची गरज पडत नाही. उलट टोकाला जेफ बेक होते, ज्यांचे अर्धे वादन त्या तरंगत्या बारवर उभे होते. आवाज दुप्पट घुमण्याविषयी एवढेच म्हणतो की पट्टी अंगाला टेकल्यावर नादात थोडा फरक काहींना जाणवतो, आणि दुप्पट हा शब्द ज्याने वापरला त्याने तो कशाने मोजला हे सांगावे.

दमट हवेचा मुद्दा पावसाळ्यात ठाण्यात राहणारा माणूस एकदम उडवून लावू शकत नाही. हवेतल्या ओलाव्याने मानेचे लाकूड हलते, तारांची उंची बदलते, ब्रिजवर तार जिच्यावर टेकते त्या सॅडलचे बारीक स्क्रू गंजतात. पण मान हलते ती ब्रिज कोणताही असला तरी हलते. गंजासाठी पट्टी जिथे स्क्रूंवर टेकते तिथे व्हॅसलिनचा पुसट बोट फिरवावा; तीही सूचना फेंडरच्याच मार्गदर्शिकेतली आहे, फक्त तिथे तिचा हेतू ब्रिज हळुवार चालावा हा आहे.

शेवटचा दावा, की ही कृती कोणत्याही ट्रेमोलोला चालते. फ्लॉइड रोज यांच्या १९७९ च्या पेटंटवर आधारलेल्या, नटपाशी तारा कुलूपबंद करणाऱ्या ब्रिजवर हे करून पाहणाऱ्याची मला काळजी वाटते. तो ब्रिज सुरीसारख्या दोन धारांवर दोन खांबांना टेकलेला असतो, आणि तारांचा पूर्ण ताण असताना ते खांब पिळले तर धार बोथट होते. मग ब्रिज मूळ जागी परत येत नाही आणि बहुधा पट्टीच बदलावी लागते. शिवाय अनेक गिटारींत त्याच्याखाली अंग कोरून खड्डा केलेला असतो. तिथे टेकायला काही नसतेच. स्प्रिंगा आवळत गेले की ब्रिज मागे खड्ड्यात बुडतो आणि तारा मानेवरच्या पडद्यांवर (फ्रेटवर) येऊन खडखडतात.

भाच्याच्या गिटारीची सुटलेली भोके मी ड्रिलने मोठी केली, कठीण लाकडाच्या खुंट्या गोंद लावून ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या आणि सकाळी नवी भोके पाडली. मग त्याला विचारले की बार वर ओढतोस का कधी. तो म्हणाला, "नाही मामा, मी जास्त तारा ओढूनच वाजवतो." तेव्हा त्याचा ब्रिज शेवटी टेकवूनच दिला, ०९ च्या तारा, तीन स्प्रिंगा, क्लॉला वर अर्धा फेरा, आणि पुढचे मधले चार स्क्रू मोकळे. काढलेल्या दोन स्प्रिंगा केसच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. पुढे जाड तारा लावल्या तर त्यांतली एखादी लागेल.