लेझर की आरएफ? व्हेरिकोज व्हेन्सविषयीच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

पायांवरच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांबद्दलचा एक संदेश सध्या कौटुंबिक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. त्यातील दावे थोडक्यात असे आहेत: लेझर ही सर्वांत नवी आणि न दुखणारी पद्धत आहे, तर आरएफ, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, ही जुनी आणि दुखरी, लेझरने पायात साचलेले अशुद्ध रक्त जळून जाते, एकदा लेझर केले की आजार जन्मात परत येत नाही, आणि पायाचा फोटो पाठवला की दुसऱ्याच दिवशी उपचार होतो. तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून गणित शिकवलेल्या माझ्या मावशीने तो वाचून मुदत ठेव मोडायची तयारी केली होती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी ‘अशुद्ध रक्त’. शाळेत आपण हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताला अशुद्ध म्हणायला शिकलो आणि तो शब्द मनात इतका रुजला की पायातले रक्त घाण आहे, ते काढून किंवा जाळून टाकले पाहिजे, असे अनेकांना मनापासून वाटते. प्रत्यक्षात त्या रक्तात प्राणवायू कमी असतो, एवढेच. बिघाड रक्तात नसून शिरेतील झडपांत असतो. त्या नीट मिटत नाहीत, वर चढलेले रक्त पुन्हा खाली येते आणि त्या दाबाने शीर फुगते. लेझर असो वा आरएफ, दोन्हींत शिरेत बारीक तार घालून उष्णता द्यायची असते ती शिरेच्या भिंतीला, जेणेकरून ती आकसून कायमची मिटावी. त्यासाठी शीर आधी शक्य तितकी रिकामी करतात: पाय उंच ठेवतात आणि सोनोग्राफीत पाहत शिरेभोवती बधिरीकरणाचे औषध मिसळलेले सलाइन भरतात. या पाण्याने शीर दबते, वेदना थांबते आणि त्वचा व मज्जातंतू यांना चटक्यापासून संरक्षण मिळते. शिरेत रक्त राहिलेच, तर उष्णता भिंतीला लागण्याऐवजी त्या रक्तात खर्ची पडते. म्हणजे रक्त जळणे हे या उपचाराचे यश नसून त्याची उणीव ठरेल. मिटलेल्या शिरेचे काम पायातील खोल शिरा करतात. पायातून वर जाणारे बहुतेक रक्त एरवीही त्यांच्यातूनच जात असते.

नव्या-जुन्याचा दावा तारखांपुढे टिकत नाही. अमेरिकेत आरएफच्या उपकरणाला १९९९ मध्ये आणि लेझरच्या उपकरणाला २००२ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही पद्धती साधारण एकाच वयाच्या आहेत आणि दोन्ही पुढे बदलत गेल्या. आधीच्या आरएफमध्ये सुमारे ८५ अंश तापमानाची तार हळूहळू ओढत आणावी लागे. नंतरच्या कॅथेटरमध्ये, म्हणजे शिरेत घालायच्या बारीक नळीत, ७ सेंटिमीटरचा भाग १२० अंशांवर २० सेकंद तापतो आणि मग पुढच्या टप्प्यावर सरकवला जातो. लेझरच्या किरणांची तरंगलांबीही ८१० नॅनोमीटरवरून १४७० नॅनोमीटरपर्यंत आली, आणि केवळ टोकातून किरण सोडणाऱ्या तंतूच्या जागी चहूबाजूंनी किरण सोडणारा तंतू आला. रुग्णाने विचारायचेच असेल, तर यंत्र कोणत्या पिढीचे आहे हे विचारावे.

दुखण्याच्या बाबतीत तर संदेशाने गोष्ट उलटी सांगितली आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका चाचणीत ५०० रुग्णांवर लेझर, आरएफ, शीर बंद करणाऱ्या फेसाळ औषधाचे (फोमचे) इंजेक्शन आणि शीर ओढून काढण्याची शस्त्रक्रिया अशा चार उपचारांची तुलना केली होती. पहिल्या दहा दिवसांतील वेदनेची सरासरी, दहापैकी, लेझरच्या गटात २.५८ आणि आरएफच्या गटात १.२१ होती, शस्त्रक्रियेच्या गटातही ती २.२५, म्हणजे लेझरपेक्षा कमीच होती. मात्र यावरून आरएफच नेहमी सरस असा उलटा संदेश कोणी फिरवू नये. चहूबाजूंनी किरण सोडणाऱ्या नव्या तंतूंनी हे अंतर बरेच कमी केले आहे, आणि काही आठवड्यांनी दोन्ही गटांचे रुग्ण सारखेच हिंडू-फिरू लागतात.

‘जन्मात परत येत नाही’ हे कोणत्याही पद्धतीबद्दल म्हणता येत नाही. त्याच चाचणीत वर्षभराने लेझरच्या गटात ५.८ टक्के आणि आरएफच्या गटात ४.८ टक्के शिरा नीट बंद राहिल्या नव्हत्या. हा फरक नगण्य आहे, फोममध्ये मात्र ते प्रमाण १६.३ टक्के होते. शिवाय बंद केलेली शीर बंदच राहिली, तरी शेजारची दुसरी शीर पुढे गळू लागू शकते, म्हणजे तिच्यातून रक्त उलटे खाली येऊ लागते.

राहिला फोटो, आणि मला सर्वांत जास्त चीड येते ती याच दाव्याची. फोटोत फुगवटा दिसतो, गळती दिसत नाही. मावशीला आम्ही तपासणीला नेले, तेव्हा डॉक्टरांनी तिला स्टुलावर उभे केले, गुडघ्यामागे जेल लावून डॉपलरचा, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा, प्रोब टेकवला आणि पोटरी दाबून सोडली. पडद्यावर आधी निळा रंग वर सरकला आणि हात सोडताच लाल रंग खाली ओघळला, तोही चांगला दोन-तीन सेकंद; अर्ध्या सेकंदाहून अधिक ओघळ हा दोष मानतात. या तपासणीतूनच खोल शिरांत गुठळी आहे का, शीर तार घालण्याइतकी सरळ आहे का आणि मज्जातंतू किती जवळ आहे, हे ठरते. मावशीची गळती पोटरीच्या मागच्या लहान शिरेत निघाली. तिथे मज्जातंतू शिरेला अगदी लागून जातो, त्यामुळे तापवण्याची सुरुवात किती उंचीवरून करायची, हाच डॉक्टरांच्या बोलण्याचा मुख्य विषय होता. लेझर की आरएफ, हा प्रश्न त्यांनी शेवटच्या दोन मिनिटांत संपवला.