हमिंग घालवू नका

संगीत संशोधन केंद्रात संगणक आणि साउंडची व्यवस्था बघायची नोकरी लागली? अभिनंदन. आपण नक्की काय करतो हे नातेवाइकांना सांगत बसू नका. ते एक तर तुम्हाला गाणं म्हणायला लावतील, नाहीतर प्रिंटर बघायला. केंद्रातले लोक निदान गाणं म्हणायला लावत नाहीत.

संगीतकाराची तक्रार कधीही खोटी ठरवू नका. 'कीबोर्ड दाबल्यावर आवाज उशिरा येतो' म्हणाले, की बफर, म्हणजे वाजवण्याआधी मशीन जेवढा आवाज साठवून ठेवतं तो, २५६ सॅम्पल्सवरून (आवाजाचे सुटे आकडे) ६४ वर आणा. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल्स) म्हणजे उशीर सव्वापाच मिलिसेकंदांवरून साधारण सव्वावर. मग मशीनला दम लागून तडतड सुरू होईल. तडतडीची तक्रार आली की गुपचूप पुन्हा २५६ करा आणि 'आता कसं वाटतंय?' विचारा. 'जमीन-अस्मानाचा फरक पडला,' हे उत्तर ठरलेलं. खरा उशीर वेगळाच: १९५७ साली संगणकावर संगीत करू पाहणारे अभियंते मॅक्स मॅथ्यूज यांच्या प्रोग्रॅमवर १७ सेकंदांची रचना वाजली, तेव्हा हिशोब करणारा आयबीएम ७०४ संगणक न्यूयॉर्कमध्ये आणि आकड्यांचा आवाज करणारं यंत्र न्यू जर्सीत होतं. मधल्या अंतरात टेप घेऊन गाडीने जायचं. ही गोष्ट तोंडावर येईल, पण गिळा.

बॅकअपबद्दल काय सांगू! चोवीस बिट, ९६ किलोहर्ट्झ, आठ चॅनलचं रेकॉर्डिंग म्हणजे तासाला आठ जीबीच्या वर, आणि त्यातला अर्धा तास खुर्ची सरकल्याचा आवाज. पुसू नका. तीच खुर्ची पुढच्या वर्षी शोधनिबंधात निघते.

आता हमिंग. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवर, मिक्सर दुसऱ्या भिंतीवर, मध्ये ऑडिओ केबल. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या, लूप झाला, स्पीकर घूंऽऽ करायला लागला. कुणीतरी जाणकार सांगेल की प्लगची अर्थची पिन काढून टाका, आवाज जाईल. खरं आहे. कधी कधी माणूसही जातो. त्यापेक्षा सगळं एकाच बोर्डावर घ्या, नाहीतर ऑडिओ केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, तो आवाज जाऊ देतो आणि लूप तोडतो. किंवा, माझं ऐका, हात लावू नका.

मी लावला होता. दोन दिवस टेबलांखाली रांगत केबल मोजल्या, हमिंग घालवलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. तिथे तीन महिने काम करणारे संगीतकार आले, हेडफोन लावला आणि त्यांचा चेहरा पडला. 'खर्ज कुठे गेला?' हमिंग आपल्या विजेचंच, ५० हर्ट्झचं, म्हणजे पाश्चात्त्य सुरांतल्या तळातल्या 'जी'पेक्षा जरासा चढा सूर. त्यांनी अख्खी रचना त्यावर लावली होती, आम्ही बिघाड समजत होतो तो त्यांचा तानपुरा होता.

मग मी लूप पुन्हा केला (पगार त्याचाही मिळतो), हमिंग नीट रेकॉर्ड केलं आणि फाइल त्यांच्या हाती दिली. ती द्यायलाच हवी होती, कारण रचनेला बाहेरदेशी आमंत्रण आलं आणि तिथली वीज ६० हर्ट्झची. तिथलं हमिंग तीन अर्धस्वरांहून थोडं चढं. दुसऱ्याच्या देशातल्या बिघाडावर विसंबून कसं चालेल?

फाइल ४४.१ किलोहर्ट्झची होती, तिथल्या मशीनने ती ४८ ची समजून जरा जलद वाजवली. आमचं पन्नासचं हमिंग साडेचोपन्नच्या जवळ गेलं. ना इकडच्या विजेचं, ना तिकडच्या. रात्री दोन वाजता मला निरोप आला: 'घूं चढा लागतोय. तातडीने बघा.'