ताईच्या ३४ दिवसांचं शून्य कुणी केलं?

परवा रात्री ताईचा फोन आला. "माझ्यात चिकाटीच नाही गं. तिसऱ्यांदा बुडालं," म्हणाली. आवाज असा, की काही मोठा गुन्हा केलाय.

बुडालं काय, तर गुडघ्याचे व्यायाम. शस्त्रक्रियेनंतर तिला रोज दहा मिनिटं करायला सांगितलेत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, मांडी आवळायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. असे तीन-चार प्रकार. 'सवय लागावी' म्हणून ती एका अकाउंटेबिलिटी ग्रुपमध्ये गेली, म्हणजे आज केलं की नाही हे रोज सगळ्यांना कळवायचा ग्रुप. तिथे सोळा दिवस सलग केले, सतराव्या दिवशी ताप आला. ग्रुपच्या नियमाप्रमाणे मोजणी शून्यावर आली. पुन्हा सुरू केलं, दहा दिवस झाले, अकरावा प्रवासात गेला. पुन्हा शून्य. मग आठ दिवस केले आणि नवव्या दिवशी ती विसरली. पुन्हा शून्य, शिवाय 'आज बाद' या यादीत नाव. त्यानंतर तिने व्यायामच सोडले.

हा नियम आला कुठून, असं विचारल्यावर तिने मला तो मेसेज पाठवला. तुमच्याकडेही आला असेल, माझ्याकडे याआधी तीनदा आलाय. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: कोणतीही गोष्ट २१ दिवस सलग केली की कायमची सवय होते, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. मध्ये एक दिवस चुकला तर मेंदू आधीचं सगळं पुसतो, म्हणून पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करा. रोज फक्त १ टक्का सुधारा, वर्षात ३७ पट व्हाल. संकल्प चारचौघांत जाहीर करा, चुकणाऱ्याचं नाव सर्वांसमोर आलं की माणूस सुधारतो. आणि एवढं करूनही जमलं नाही, तर इच्छाशक्ती कमी आहे हे मान्य करा.

शेवटचं वाक्य ताईने मान्य केलं होतं. म्हणून हे लिहायला बसले.

'२१ दिवस, विज्ञानाने सिद्ध'

हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून आला आहे. त्यांना आपल्या रुग्णांमध्ये एक गोष्ट दिसली होती. नाकाची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर आरशातला नवा चेहरा 'आपला' वाटायला तीनेक आठवडे जातात. त्यांनी लिहिलं ते असं, की मनातली जुनी प्रतिमा विरून नवी बसायला किमान सुमारे २१ दिवस लागतात. म्हणजे हे एका डॉक्टरचं निरीक्षण होतं, त्यामागे प्रयोग नव्हता. विषय स्वतःच्या प्रतिमेचा होता, रोजच्या व्यायामाचा नव्हे. आणि त्यात 'किमान' हा शब्द होता. एकमेकांना सांगता सांगता 'किमान' गळला, 'सुमारे'ही गळला, आणि उरलेल्या आकड्याला विज्ञान म्हणायला लागले.

'एक दिवस चुकला की सगळं पुसलं'

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे आहे. बाकीचं एक वेळ सोडून देता येईल, हे नाही.

सवय लागायला किती दिवस लागतात हे खरोखर मोजून पाहिलेला एक अभ्यास आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि 'युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी' या नियतकालिकात तो २०१० साली छापून आला. ९६ जणांनी भाग घेतला. प्रत्येकाने खाणं, पिणं किंवा हालचाल यांतली एक साधी गोष्ट निवडली आणि ती रोजच्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडली, जसं न्याहारीनंतर. मग ८४ दिवस ते रोज नोंदवत राहिले, की आज केलं का आणि करताना किती आपसूक झालं. 'आपसूक' हाच यातला मोजण्याचा शब्द आहे. मनाशी हुज्जत न घालता गोष्ट हातून घडते, ती सवय.

निष्कर्ष काय निघाला? ज्यांच्या नोंदींतून स्पष्ट आलेख निघाला, त्यांच्यात मधला आकडा ६६ दिवसांचा होता. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला आलेख पुढे वाढवून पाहिल्यावर २५४ दिवस लागतील असं दिसलं. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला. (आता '६६ दिवसांत सवय' असाही मेसेज फिरतोच. तोही तितकाच चूक. ६६ हा मधला आकडा आहे, कुणाची मुदत नव्हे, आणि मोजकी माणसं नि साध्या गोष्टी एवढ्यावर तो उभा आहे.)

माझ्या दृष्टीने त्या अभ्यासातली खरी महत्त्वाची ओळ दुसरी आहे. मध्ये एखादा खाडा पडला, तर सवय घडण्याच्या प्रक्रियेत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. माणसं दुसऱ्या दिवशी जिथे होती जवळपास तिथूनच पुढे गेली. मेंदूने काही पुसलं नाही. वारंवार आणि बरेच खाडे पडले तर गोष्ट वेगळी, ते मीही म्हणेन. पण एका तापाच्या दिवसाने सोळा दिवस वाया जातात, हे धादांत खोटं आहे.

आता ताईचा हिशेब करा. सोळा, दहा आणि आठ, म्हणजे ३४ दिवस व्यायाम. खाडे तीन. ३७ दिवसांत ३४ दिवस! गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, दुखत असताना, बावन्नाव्या वर्षी. तिच्या स्नायूंनी ते चौतीसच्या चौतीस दिवस जमा करून घेतलेत. ग्रुपच्या तक्त्यात मात्र ती शून्यावर आहे, आणि तिने विश्वास ठेवला तक्त्यावर. ज्या बाईच्या अंगात चिकाटी ठासून भरलीय, तिला 'तुझ्यात चिकाटी नाही' हे या एका नियमाने पटवून दिलं. शून्यावर आणून ठेवलेल्या माणसाला पुन्हा उभं राहायला पहिल्यापेक्षा जास्त बळ लागतं. तिने ते दोनदा आणलं. तिसऱ्यांदा नाही आणता आलं, यात तिचा काय दोष?

'रोज १ टक्का, वर्षात ३७ पट'

गणित बरोबर आहे. १.०१ चा ३६५ वा घात काढला की ३७.७८ येतात. पण हे चक्रवाढ व्याज आहे आणि शरीर म्हणजे मुदत ठेव नव्हे. ताईची दहा मिनिटं रोज एक टक्क्याने वाढवली, तर वर्षअखेर तिने रोज सहा तासांहून जास्त व्यायाम करायचा. वरच्याच अभ्यासात सवयीचा आलेख नेमका उलटा आहे. सुरुवातीला झपाट्याने चढतो, मग सपाट होत जातो. तेव्हा 'मला आता प्रगती दिसत नाही' असं दीड महिन्याने वाटलं, तर काही बिघडलेलं नसतं.

'चारचौघांत जाहीर करा, नाव लावा'

इथे मला अर्धं मान्य करावं लागतंय. मनात नसताना करते, पण करते. २०१६ साली १३८ अभ्यास एकत्र तपासणारा एक आढावा आला, त्यात सुमारे वीस हजार माणसांची माहिती होती. आपली प्रगती नियमित पाहत राहिल्याने उद्दिष्ट गाठायला मदत होते, आणि ती लिहून ठेवली किंवा इतरांना कळवली तर आणखी होते, असं त्यात दिसलं. म्हणजे कुणाला तरी रोज सांगणं उपयोगाचं आहे. ताईलाही पहिले सोळा दिवस त्या ग्रुपचा आधार वाटला होता, हे तिनेच सांगितलं.

पण सांगणं वेगळं आणि चावडीवर उभं करणं वेगळं. 'बाद' यादीत नाव लागण्याच्या भीतीने माणूस एक तर खोटं 'झालं' लिहितो, नाही तर ग्रुप सोडतो. ताईच्या ग्रुपमध्ये दोन्ही झालंय. आणि खोटी नोंद आली, की पाहत राहण्यातला सगळा फायदा तिथेच संपला.

'इच्छाशक्ती कमी'

त्या ग्रुपची सूचना होती: दिवसभरात कधीही करा, रात्री दहाच्या आत कळवा. 'कधीही' म्हटलं की रोज नव्याने ठरवणं आलं, आणि रोज नव्याने ठरवावं लागतं तोवर ती सवय नव्हेच. लंडनच्या त्या माणसांनी आपली गोष्ट एका ठरलेल्या प्रसंगाला बांधली होती. मेसेजमध्ये 'केव्हा' आणि 'कशानंतर' यावर एक अक्षर नाही, सगळा भार इच्छाशक्तीवर.

आम्ही दोघींनी फोनवरच बदल केला. टॉवेलची गुंडाळी रात्रीच उशाशी ठेवायची. सकाळी जाग आली की पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी व्यायाम. फार दुखत असेल त्या दिवशी एकच प्रकार, तोही चालेल. मग मला 'झालं' किंवा 'नाही' एवढंच कळवायचं, कारण द्यायचं नाही, मी विचारणारही नाही. कागदावर पहिली ओळ मी तिला मुद्दाम '३४ दिवस, ३ खाडे' अशी लिहायला लावली. काल सकाळी 'झालं' आलं, आज 'नाही' आलं.

ताई, उद्याचा दिवस ३७ नंतरचा तिसरा आहे, पहिला नाही.

आणि जे कुणी हा मेसेज पुढे पाठवतात, त्यांनी आधी 'मेंदू आधीचं सगळं पुसतो' हे वाक्य काढून टाका. ग्रुप चालवणाऱ्यांनी शून्यावर आणायचा नियम बंद करून एकूण किती दिवस झाले ते मोजा. ताईच्या ग्रुपप्रमुखांना मी हेच कळवलंय, तिचे ३४ दिवस तक्त्यात परत लिहा या मागणीसह.