मिनिटाला ८५ रुपये ७१ पैसे

रात्रीचे पावणेअकरा. नवरा घोरतोय, पोरं मोबाइलमध्ये, सासूबाई पलीकडच्या बेडवर मांडी घालून चकली खातायत आणि मला काही झोप येत नाहीये, कारण डोक्यात अजून ते एकच वाक्य वाजतंय, "मॅम, चेक-इन दोन वाजता असतं."

घड्याळात एक पंचवीस झाले होते हो! एक पंचवीस! सकाळी साडेसातला महालक्ष्मीनं व्हीटीला उतरलेली माणसं आम्ही, रात्रभर साइड अप्परवर पाय दुमडून आलेली, सकाळभर उन्हातनं हिंडून घामानं चिंब झालेली, सोबत एक्काहत्तर वर्षांच्या बाई, आणि तो टाय लावलेला पोरगा आमच्याकडे न बघता सांगतोय की दोन वाजता. बरं, खोली तयार नसती तर मी एक शब्द बोलले नसते. पण आमच्या डोळ्यांदेखत साफसफाईवाला मुलगा आला आणि "दो सौ चार, दो सौ पाँच हो गया" म्हणून सांगून गेला. २०४ आणि २०५ आमच्याच! कार्डं पाकिटात घालून काउंटरवर पडलेली, माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर, वर आमचं आडनाव, तेही चुकीचं. मी म्हटलं, अरे बाळा, झालीय की खोली, दे की. तर म्हणे, "देता येईल मॅम, अर्ली चेक-इनचे पंधराशे लागतील. पर रूम."

दोन रूमचे तीन हजार. पस्तीस मिनिटांचे. मी बँकेत कॅशियर आहे, बावीस वर्षं, हिशोब डोक्यात आपोआप होतो, मला थांबवताच येत नाही. मिनिटाला ८५ रुपये ७१ पैसे. तेवढ्यात आमच्या सांगलीत माणूस मिसळ खाऊन तृप्त होतो. मी त्याला हे ऐकवलं पण. तो म्हणाला, "पॉलिसी आहे मॅम." या एका शब्दाचा मला एवढा संताप आहे ना! ज्याला स्वतःला काही सांगता येत नाही तो पॉलिसी सांगतो. आणि ते मॅम मॅम काय, ताई म्हण, काकू म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस.

दिले नाहीत. अजिबात नाही दिले. बसलो लॉबीत. सोफे दोन, त्यातल्या एकावर कुणाची तरी ट्रॉली बॅग झोपलेली, तिला बहुतेक अर्ली चेक-इन मिळालं असावं. नवरा हळूच म्हणाला, "जाऊ दे ना, देऊन टाकू, आईचे पाय दुखतायत." आई म्हणाल्या, "माझ्या पायांचं नाव पुढे करून पैसे उधळू नकोस." शाब्बास. तर बसलो. दोन वाजले. बरोब्बर दोनला मी काउंटरला. तर आता काय, सिस्टिम स्लो आहे! मग पाचही जणांची आधार कार्डं, मग झेरॉक्स, मग धाकट्याच्या आधारवरचा फोटो तो पाच वर्षांचा असतानाचा म्हणून शंका, मग सासूबाईंचा अंगठा लागतोय की सही. दोन चाळीसला खोलीत गेलो. आणि दारामागे पहिली पाटी काय, तर चेक-आउट सकाळी ११, उशीर झाल्यास अर्ध्या दिवसाचं भाडं. म्हणजे पैसे दिवसाचे, मिळाले किती तास? वीस तास वीस मिनिटं. माझ्या काउंटरला मी असं एक बंडल ऐंशी नोटांचं दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत चौकशी लागली असती.

हे सगळीकडे असंच, ते मला माहितीय. महाबळेश्वरला नऊला बाहेर काढलं होतं आम्हाला, दात घासत घासत. तारकर्लीला सी व्ह्यूचे जादा पैसे घेतले आणि समुद्र बाथरूमच्या झरोक्यातनं दिसायचा, तोही बादलीवर उभं राहिलं तर. नणंदेच्या लग्नात हॉलवाल्यानं सातच्या ठोक्याला लाइट घालवले, पाठवणी मोबाइलच्या टॉर्चवर झाली. पण ती पस्तीस मिनिटं वेगळी. खोली तयार होती!

आता सकाळचं. खरं तर कट सकाळीच शिजला होता.

व्हीटीला उतरलो, हॉटेल तिथनं दीड किलोमीटर, फोर्टात. मुद्दाम तसं घेतलं, कारण उद्या आमची चार दिवसांच्या क्रूझची बोट बॅलार्ड पियरवरनं आहे, म्हणजे हॉटेल जवळ, बोट जवळ, सगळं जवळ. आणि हेच नडलं. काळी-पिवळीवाला पहिला, "नजदीक है, पैदल जाओ." दुसरा, मान हलवून काच वर. तिसऱ्यानं सामान बघितलं, सासूबाई बघितल्या आणि म्हणाला तीनशे. मीटर ३१ रुपयांनी सुरू होतो बाबा, आम्ही सांगलीचे आहोत, मंगळावरचे नाही. मग ॲपवर गाडी लावली. त्याचा फोन, "कहाँ जाना है?" सांगितलं. "कॅश की ऑनलाइन?" सांगितलं. कॅन्सल. तोवर थोरली मान वर करून स्टेशनची बिल्डिंग बघत होती, तो सिंह, ती दगडातली माकडं, घुमटावरची बाई. तिला शाळेत आहे म्हणे, १८८८ ला पूर्ण झालं, बांधायला दहा वर्षं लागली, युनेस्कोच्या यादीत आहे. अख्ख्या दिवसात एवढीच एक वास्तू आम्ही निवांत बघितली, तीही टॅक्सी मिळत नव्हती म्हणून. तासभर.

डोंबिवलीची मावससासू महिनाभर सांगत होती, "हॉटेल कशाला करताय, आमच्याकडे उतरा, आठची लोकल पकडली की झालं." आठची लोकल. डोंबिवलीहून. पाच माणसं आणि सहा डाग घेऊन. या बाई तिथे तीस वर्षं राहतायत आणि तरी हे बोलू शकतात.

हॉटेलला पोचलो. खोली दोनला, हे तेव्हाच सांगितलं, ते मी तेव्हा मानलं, बॅगा ठेवून घेतो म्हणाले, बरं वाटलं. पाच ठेवल्या. सहावी नाही. का? तर त्यात खायचं आहे. दिवाळी आत्ताच झालीय, सासूबाईंनी चार दिवस बोटीत पोरं उपाशी मरतील या हिशोबानं चकली, चिवडा, शंकरपाळी आणि शिवाय जयसिंगपूरचं भडंग, सगळं एका कापडी पिशवीत कोंबलेलं, दोन स्टीलचे डबे, एकूण पाच-सहा किलो तरी. "फूड आयटम नाही ठेवता येणार मॅम, उंदीर येतात." माझ्या हॉटेलात उंदीर आहेत हे कुणी इतक्या अभिमानानं सांगतं का!

तर मुंबई मी अशी बघितली. खांद्याला पर्स, हातात पिशवी.

गेटवेला चेकिंगला पिशवी मशिनमधनं गेली, स्क्रीनवर चकल्यांची वेटोळी दिसली असणार, त्या पोलीस ताईंनी विचारलं, "काय आहे?" म्हटलं, चकली. "एवढी?" आता काय सांगणार. घारापुरीला जायचं होतं, ते एवढं मोठं तीन तोंडांचं सदाशिवाचं शिल्प सासूबाईंना आयुष्यात एकदा बघायचं होतं, तासभर लाँच, वर गेल्यावर पायऱ्या आहेत पण त्या हळूहळू चढल्या असत्या, हट्टी आहेत. तिकिटाच्या खिडकीशी गेलो. सोमवार. सोमवारी लेणी बंद.

इथे मी जरा गप्प बसते, कारण प्लॅन माझा होता. एक्सेल शीट केली होती. अकरा ठिकाणं, प्रत्येकाला रंग, किती मिनिटं थांबायचं, जेवण कुठे, सू-सू कुठे, सगळे कॉलम होते. वाराचा कॉलम नव्हता. नवरा काही बोलला नाही. चोवीस तासांत तो जे जे बोलला नाही ते सगळं मला ऐकू आलंय.

"अर्ध्या तासाची फेरी मारून आणतात, ती करू या का?" म्हणाला. उद्यापासून चार दिवस बोटीतच बसायचंय ना, आज रंगीत तालीम कशाला! आणि तेवढ्यात सासूबाईंना रामदास बोट आठवली. त्यांचं माहेर अलिबागकडचं. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरनं रेवसला निघालेली, सहाशेच्या वर माणसं गेली, त्यांच्या आईच्या ओळखीतलं कोण कोण होतं त्यात, सगळं सविस्तर, गेटवेच्या कठड्याला टेकून, समोर लाटांवर लाँच डुचमळतायत. धाकट्यानं विचारलं, "आजी, आपली बोट कुठली?" त्यानंतर तो अर्धा तास शंकरपाळीसुद्धा खाईना.

गेटवे म्हणजे काय तर गर्दी. दिवाळीच्या सुट्टीत अख्खा महाराष्ट्र त्या कमानीखाली उभा होता आणि प्रत्येकाला रिकाम्या कमानीसोबत फोटो पाहिजे होता. थोरलीनं गुगल वाचून सांगितलं, १९२४ साली बांधून झालं आणि इंग्रजांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला इथूनच बोटीत चढली. मला खरंच पहिला विचार काय आला असेल? त्यांचं सामान कुणी उचललं. त्यांना कुणी म्हणालं नसणार, साहेब, बोट दोनला आहे, तोवर लॉबीत बसा. नवरा म्हणतो बॅलार्ड पियरवर तेव्हा बोटीतनं उतरलं की तिथेच फ्रंटियर मेल उभी असायची, साहेब थेट गाडीत. आणि आम्ही दीड किलोमीटरसाठी तीन टॅक्सीवाल्यांच्या पाया पडलो.

मग एका म्युझियमला गेलो. पिशवी आत नाही. बरोबर आहे त्यांचं, जुन्या वस्तूंशेजारी भडंग नको, मला पटतं. पण कुणीतरी बाहेर बसायला पाहिजे ना. सासूबाई म्हणाल्या मी बसते, आता त्यांना बाहेर बसवून मी आत मूर्ती बघू का, लोक काय म्हणतील, म्हणजे लोक नव्हतेच ओळखीचे, पण तरी. बसले. दीड तास. त्यात तीन जणांनी मला पत्ता विचारला आणि एकानं चकली कशी दिली विचारलं.

काळा घोडा, मरीन ड्राइव्ह, म्हातारीचा बूट, हाजी अली, राहिलेल्या सात रंगांच्या सात ओळी तशाच आहेत शीटमध्ये. दोन चाळीसला खोली मिळाल्यावर सगळे जे आडवे झाले ते सहाला उठले, खाली जाऊन चहा प्यायलो, झाली मुंबई.

आणि हो, एक गोष्ट सांगायची राहिली, सांगू का नको असं झालंय. मगाशी लॉबीत त्या पोराशी भांडताना माझा आवाज चढला तशी थोरली कानात म्हणाली, "मम्मी, तू पण असंच करतेस." दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एक आजोबा साडेतीनला काउंटर बंद झाल्यावर आले होते, दोन मिनिटं उशिरा, पेन्शनचे चार हजार काढायचे होते, आणि कॅश मोजायला घेतली होती म्हणून मी त्यांना म्हटलं उद्या या. घरी येऊन मीच सांगितलेलं, वर वैतागून, लोकांना वेळ कळत नाही म्हणून. कॅश समोरच होती तेव्हा. माझ्या कोपरापासून वीतभर.

पण मी मिनिटाचे पैसे तर मागितले नव्हते ना!

असो. तर आता चकली. सामान बांधायच्या आधी म्हटलं तिकिटाची पीडीएफ एकदा नीट वाचावी, चौदा पानं, दीड महिना मोबाइलमध्ये पडून होती. इस्त्री न्यायची नाही. एक्स्टेन्शन बोर्ड न्यायचा नाही. नवव्या पानावर, बाहेरचे खाद्यपदार्थ बोटीवर आणता येणार नाहीत. मी ते तीन वेळा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. कुणी काही बोललं नाही, सासूबाईंनी सरळ डबा उघडला आणि मधोमध बेडवर ठेवला. तेव्हापासून खातोय. रूममध्ये बाहेरचं खाणं मना आहे असं पाटीवर लिहिलंय, लिहू दे. चादरीवर शेव पसरलीय, उंदरांना म्हणावं या. उद्या अकराला एक मिनिट उरेपर्यंत मी ही खोली सोडत नाही, दहा एकोणसाठला खाली उतरेन, पाकिटावरचं आडनाव दुरुस्त करून कार्ड देईन.

"अगं," सासूबाई म्हणतायत, "बोटीवर तरी गेल्या गेल्या आडवं होता येईल ना?"

बघते म्हटलं. अकरावं पान. बोर्डिंग बारापासून, पण केबिन तयार झाल्यावर स्पीकरवरनं सांगू, तोवर पाहुण्यांनी आपलं हँड लगेज जवळ बाळगून डेकवर आनंद घ्यावा.

चिवड्याचा डबा सरकवा इकडे.