आईची सकाळची गोळी

आज दुपारी आईला नाशिकच्या भांडी बाजारात चक्कर आली. आता बरी आहे, झोपलीये, काळजीने फोन करू नका. मला झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

भाच्याच्या मुंजीसाठी तांब्याचं घंगाळ घ्यायचं होतं. आईच्या मते घंगाळ घ्यावं ते भांडी बाजारातूनच, आणि तासभर घासाघीस केल्याशिवाय घेऊ नये. मी, दादा आणि ती रविवार कारंजाला रिक्षातून उतरलो आणि चालत निघालो. दुसऱ्या दुकानात ती एकदम पायरीवर बसली. ओठ सुकलेले. बाटली पुढे केली तर तिने फक्त ओठ ओले केले आणि परत दिली. डॉक्टरांकडे नेलं. वरचं बीपी १९०. त्यांनी विचारलं, सकाळची गोळी घेतली होती का? आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. ६९ वर्षांची बाई, चोरी पकडल्यासारखी.

"बाजारात जायचं होतं ना. ती गोळी घेतली की सारखं जावं लागतं. कुठं जाणार मग?"

लघवी जास्त होते ती गोळी. बीपीच्या बऱ्याच पेशंटना देतात, तुमच्याही घरात असेल. मी विचारलं, कधीपासून करतेस असं? तर म्हणे, रोज नाही गं, बाहेर जायचं असलं की. बाहेर म्हणजे लग्न, बँक, एसटीचा प्रवास, गंगेवरचा (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) बुधवारचा बाजार. आणि दवाखाना! तपासायला जायच्या दिवशीसुद्धा तिने गोळी घेतलेली नसायची. मागच्या वर्षी बीपी आटोक्यात येत नाही म्हणून डोस वाढवला होता. वाढणारच होतं बीपी. डॉक्टरांना ती दिसायचीच गोळी चुकवलेल्या दिवशी.

आता त्याआधीचा अर्धा तास सांगते. बाजारात शिरताना दादा "आलोच" म्हणाला, शौचालयात गेला आणि दोन मिनिटांत परत आला. एक पैसा न देता. मी आईला घेऊन त्याच्याच मागे गेले होते. बायकांच्या दाराला कुलूप. फटीतून पाहिलं तर आत खराटे, रिकामे डबे आणि कुठल्या तरी मांडवाचे बांबू. पलीकडे बसलेला माणूस म्हणाला, "लेडीजची चावी दुसऱ्याकडं असते." तो दुसरा कुठे असतो ते त्याला माहीत नव्हतं. कुठलं शौचालय ते लिहीत नाही. त्या माणसाशी माझं भांडण नाही, पगार कुणाचा असतो आणि शिव्या कुणाला बसतात ते मला कळतं.

आई माझा हात धरून म्हणाली, "चल, मला नाहीच लागली."

हे वाक्य आपण सगळ्याजणी किती वेळा बोललोय! शाळेच्या सहलीत, नवऱ्याच्या गाडीवर, गावाहून परतताना एसटीत. लागलेली असते. पोट दुखत असतं. तरी नाहीच लागली.

मला राग याचा येतोय की शहर आखताना बाई हिशेबात असते ती घरातून निघून तासाभरात घरी परतणारी. तेवढ्या वेळाला काही लागत नाही ना! पण बायका दिवस दिवस बाहेर असतात हो. गंगेवर बुधवारी भाजी घेऊन बसतात त्या सकाळी येतात आणि दिवे लागले की उठतात. माझ्या नेहमीच्या मेथीवाल्या मावशींना मी एकदा चहा विचारला, तर म्हणाल्या, "नको ताई, पाणीच पीत नाही मी बाजाराच्या दिवशी." मी हसून पुढे गेले होते. आज ते हसणं मला टोचतंय. भर उन्हात बसलेली बाई पाणी पीत नाही, आणि मी तिच्याकडून दहा रुपयांची जुडी आठला मागते. वाहतूक पोलिसांतल्या मुली, सफाईवाल्या, एसटीच्या कंडक्टर बायका, मजूर नाक्यावर कामाची वाट बघत उभ्या राहणाऱ्या, सगळ्यांचं हेच. मग लघवीला जळजळ, ताप, कंबर धरलेली. दवाखान्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

आणि सारखेपणाचं म्हणाल तर तो नकाशावर असतोच. इकडे चार, तिकडे चार. पण पुरुषांना जागेवर उभं राहून भागतं, तेवढ्याच जागेत त्यांच्या मुताऱ्या जास्त बसतात. आम्हाला दार लागतं, कडी लागते, आत पाणी लागतं. साडी सावरायची, सलवारची नाडी सोडायची, पर्स अडकवायला खुंटी नसते म्हणून ती दातात धरायची. पाळी असेल तर आणखी वेळ. बरोबर पोर असेल तर त्याचंही आम्हीच उरकायचं. वेळ जास्त लागतो, म्हणजे बायकांसाठी संडास जास्त हवेत. सारखे नव्हे, जास्त. एवढं साधं गणित आहे. वर मुतारी पुरुषांना फुकट आणि बायकांनी पाच रुपये द्यायचे. कशाचे पाच रुपये? बसण्याचे?

बायकाही घाण करतात, पॅड तसेच टाकून जातात, हे मान्य. आत डबा ठेवलाय का ते बघून या आणि मग बोला.

हे काही मला आज सुचलेलं नाही. मुंबईत बायकांनी 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जायच्या हक्काची मोहीम सुरू केली २०११ साली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महापालिकांना बजावलं की बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं ही तुमची जबाबदारी आहे. पुण्यात जुन्या बसगाड्यांची बायकांसाठी स्वच्छतागृहं केली. आणि २०११ पासून आपल्या राज्यात महापालिकांमधल्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. निम्म्या! मला त्या सगळ्या ताईंना विचारायचंय, प्रचारात दिवसभर वॉर्डात फिरलात तेव्हा तुम्ही कुठे गेलात? कुणाच्या तरी घरात, हो ना? ओळखीच्या बाईने दार उघडलं. माझ्या आईला भांडी बाजारात कोण दार उघडणार होतं?

२०२३ पासून एसटीत आमचं तिकीट अर्धं झालं. चांगलंच झालं, मनापासून म्हणते. आई त्यामुळेच मावशीकडे एकटी जायला लागली. पण जायचं ते गोळी न घेता.

आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. रस्ते होतील, घाट होतील, फिरती शौचालयं येतील आणि पर्वणी संपली की जातील. लाखो माणसं येणार, त्यांच्यासाठी हवंच. पण आम्ही इथे बाराही महिने राहतो.

कॉलेज रोडला, गंगापूर रोडला हॉटेलं आहेत, मॉल आहेत, मी स्वतः जाते बिनधास्त. मान्य. आई नाही जात. काचेचं दार बघून ती पायरीवरच थांबते. काही न घेता आत कसं जायचं, कुणी हटकलं तर, असं तिला वाटतं. ७० वर्षं होत आली याच शहरात, घरपट्टी एकदाही थकवली नाही, आणि लघवीला जायला तिने कॉफी विकत घ्यायची?

मगाशी दादा बराच वेळ गप्प बसला होता. मग म्हणाला, "मी चाळीस वर्षं त्या बाजारात जातोय, शेजारचं दार बंद असतं हे मी पाहिलंच नाही गं." त्याच्यावर चिडणार होते, नाही चिडले. मी तरी कुठे पाहिलं होतं? आईच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी मीच भरते. आठवड्याच्या शेवटी एखाददुसरी उरायची. मी म्हणायचे, विसरली असेल, वय झालंय.

तुमच्या आईला, सासूला आज विचारा. सरळ विचारा. लाजतील, विषय बदलतील, तरी विचारा.

घंगाळ राहिलंच. मुंज पुढच्या आठवड्यात आहे, म्हणजे परत बाजारात जावं लागेल. रात्री तिला पाणी दिलं आणि म्हटलं, सकाळची गोळी मी स्वतः समोर उभी राहून देणार. तिने पेला हातात घेतला, पण प्यायली नाही.

"उद्या कुठं जायचं नाहीये ना?"

नाही म्हटल्यावर प्यायली.