कुठले पाटील?

संध्याकाळी लॅबमध्ये रक्ताचा रिपोर्ट आणायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं हाक मारली, "संजय पाटील!" आणि बाकावरून आम्ही चौघं उठलो.

"पूर्ण नाव सांगा."

"संजय वसंत पाटील," मी म्हणालो. दोघं बसले. तिसरा उभाच. त्याचेही वडील वसंत.

शाळेपासूनचं हे दुखणं आहे. वर्गात पाच संजय. त्यातला मी 'खिडकीतला संजय'. पुढे बाईंनी मला दाराजवळ बसवलं, तरी खिडकी काही सुटली नाही. परवा मित्राच्या मोबाइलमध्ये डोकावलो, तर ओळीनं 'संजय पाटील गॅस', 'संजय पाटील प्लॉटवाला', आणि माझ्या नंबराला 'संजय पाटील उचलू नको'.

नाव तसं भारदस्त. मूळ संजय धृतराष्ट्राशेजारी बसून अख्खं कुरुक्षेत्र पाहायचा. गीतेची सुरुवातच मुळी 'किमकुर्वत संजय' या चौकशीनं. दिव्यदृष्टी आमच्यापर्यंत पोचली नाही, चौकशा तेवढ्या पोचल्या.

आणि आडनाव? पाटील हे आडनाव नव्हे, हुद्दा. जुन्या ताम्रपटांत 'पट्टकिल' म्हणून सापडतो. गावचा सारा गोळा करायचा, भांडणं मिटवायची, चावडीवर मिशीला पीळ द्यायचा. १९६२च्या कायद्यानं वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी गेली. सारा गेला, चावडी गेली, पाटील मात्र ढिगानं उरले. मराठा, आगरी, कोळी, लेवा, लिंगायत, सगळ्यांत आहेत. 'रयत' काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील जैन. त्यामुळे "कुठले पाटील?" असं कुणी विचारलं की मी भोळेपणानं गाव सांगतो, आणि समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला गाव नको असतं हो!

माझ्या घरी पाटीलकी म्हणजे सोसायटीची पाण्याची मोटर चालू-बंद करणं. तेवढाच हुद्दा.

तर काउंटरवर मुलीनं विचारलं, "वय?"

"अठ्ठावन्न," आम्ही दोघं एका सुरात.

तिनं सुस्कारा टाकून दोन कागद पुढे सरकवले. दोन्हींवर संजय व्ही. पाटील, पुरुष, ५८. एकात उपाशीपोटी साखर ९२, दुसऱ्यात २४०.

ब्याण्णववाल्या कागदावर आम्ही दोघांनी एकदमच हात ठेवला.